डोंगर उतरल्यावर उतरणारी साखर

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही चौघं गुमताऱ्यावर गेलो होतो. भिवंडीहून वज्रेश्वरीला जाताना दुगाडजवळ दिसणारा हा किल्ला फारसं कुणी चढत नाही. वाटा एकमेकींत हरवतात आणि वाटेत पाणी नाही. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. मला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि रात्री झोपताना दिवसभर पुरणाऱ्या इन्शुलिनचं एक इंजेक्शन. त्यामुळे बायकोचं अर्धं लक्ष मुलांच्या पायांकडे, अर्धं माझ्या चेहऱ्याकडे. निघताना शुगर १६२ होती, दोन तास चढल्यावर १४८. मग धाकट्याने एका सपाटीवर बसकण मारून "मी आता इथेच राहणार" असं जाहीर केलं आणि माथा न गाठताच आम्ही परत फिरलो. दुपारी एकला पायथ्याशी १३१. मीटर बायकोच्या नाकासमोर धरताना मी परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा दिसत असणार.

रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती थंडगार घामाने. बनियन पिळून काढावं इतकं ओलं. हात थरथरत होते, आणि दिव्याचं बटण कुठे आहे तेच आठवेना. पंधरा वर्षं ज्या खोलीत झोपतो त्या खोलीत! बायकोने दिवा लावून बोट टोचलं. ५८.

उन्हात, पाठीवर पिशवी आणि मधूनमधून खांद्यावर मुलगा घेऊन पाच तास चाललो, तेव्हा साखर जागची फारशी हलली नाही. आणि गादीवर निपचित पडलो होतो तेव्हा ती कोसळली. हे उलटं कसं?

रस्त्यावर चमचाभर, बाकी गोदामात

आधी एक छोटा गुणाकार. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून झाले पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. एवढ्याशा साखरेसाठी आपण बोटं टोचून घेतो. त्यात एकटा मेंदू दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज खातो, तासाला पाच ग्रॅम. म्हणजे आतून पुरवठा झाला नाही, तर रस्त्यावरचा सगळा माल मेंदूच तासाभरात संपवेल.

पुरवठा कुठून होतो ते भिवंडीकराला सांगायला नको. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, मानकोली, जिकडे जावं तिकडे गोदामं. न्हावाशेवा बंदरात उतरलेला माल आधी इथे येऊन पडतो आणि मागणी येईल तसा मुंबईत जातो. शरीरातही तशी दोन मोठी गोदामं आहेत. एक यकृतात, तिथे सुमारे १०० ग्रॅम साखर मावते. दुसरं स्नायूंमध्ये, तिथे सुमारे ४०० ग्रॅम. साठवताना साखरेचे रेणू एकमेकांना जोडून त्यांची गाठोडी बांधतात. त्या गाठोड्यांचं नाव ग्लायकोजेन.

दोन गोदामांचे नियम मात्र वेगळे आहेत. यकृताचं गोदाम घाऊक व्यापाऱ्याचं. तिथला माल सगळ्या गावाला मिळतो, मेंदूला आधी. स्नायूंचं गोदाम खासगी. आत गेलेला माल तिथेच वापरायचा, परत रस्त्यावर आणायचा नाही. गाठोडी सोडून साखर रक्तात टाकायला जे रसायन लागतं ते स्नायूंकडे नसतंच. शुगर घसरली की मांड्यांत शंभर-दोनशे ग्रॅम साठा पडून असला तरी मेंदूला त्यातला कण मिळत नाही. हा नियम लक्षात ठेवा, मध्यरात्रीच्या घामाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

पुढचं शटर आणि मागचं शटर

स्नायूंच्या गोदामात माल शिरायचा तर शटर उघडायला हवं. एरवी ते काम इन्शुलिनचं. जेवण झालं, रक्तात साखर वाढली, की स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं. इन्शुलिन चलान घेऊन दारावर जातं, वॉचमन ते बघतो आणि शटर वर जातं. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या टाइप २ मधुमेहात वॉचमन चलान वाचायला कुरकुर करतो. एका चलानावर उघडणारं शटर चार चलानं दाखवल्यावर अर्धवट वर जातं. माल रस्त्यावर तुंबतो. रिपोर्टात शुगर जास्त येते ती ही.

पण गोदामाला मागेही एक शटर आहे. स्नायू जोरात आकुंचन पावायला लागला की ते आपोआप उघडतं. तिथे चलान लागत नाही आणि वॉचमनलाही कुणी विचारत नाही. म्हणून ज्याचं इन्शुलिन नीट चालत नाही त्यालाही चालण्याचा फायदा होतो. डॉक्टर जे "चाला, चाला" म्हणून पाठीस लागतात त्यामागचं कारण हे मागचं शटर.

निरोगी माणूस चढायला लागला की स्वादुपिंड स्वतःहून इन्शुलिन कमी करतं. मागचं दार उघडं आहे, मग पुढचं जरा बंद ठेवू, असा हिशेब. माझ्यासारख्याचा तोच हिशेब चुकतो. रात्री टोचलेलं इन्शुलिन परत काढून घेता येत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला चिमटे काढून इन्शुलिन सोडायला लावतात, मग मालक चहा पीत बसलाय की डोंगर चढतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. दोन्ही शटरं एकदम उघडी राहतात. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला ही भीती फारच कमी, कारण ते इन्शुलिन सोडायला लावत नाही. म्हणून आपण कोणती गोळी घेतो तिचं नाव माहीत असणं डोंगराच्या पिशवीतल्या अर्ध्या वस्तूंपेक्षा महत्त्वाचं आहे. "ती छोटी पांढरी" हे नाव नव्हे.

मग डोंगरावर का नाही उतरली?

चढताना स्नायू साखर खात होते, पण यकृतही हात आखडून बसलं नव्हतं. श्रम सुरू झाले की ॲड्रिनलिन आणि त्याची भावंडं यकृताला माल सोडायचा हुकूम देतात. भीती वाटली तरी तोच हुकूम सुटतो. एका निसरड्या टप्प्यावर मुलीचा पाय घसरला तेव्हा माझ्या छातीत जे धडधडलं, त्याने माझी शुगर नक्की चढली असणार. शिवाय दर तासाला आम्ही काहीतरी खात होतो. खर्च आणि जमा जवळजवळ जुळत होती, म्हणून मीटर शांत होता. त्या शांततेला मी भुललो.

घरी आलो तोवर दोन्ही गोदामं बरीच रिकामी झाली होती. रिकामं गोदाम माल मागतं. पाच तासांच्या चालीनंतर स्नायू पुढचे बारा तास, कधी चोवीस, कधी त्याहून जास्त, रक्तातली साखर ओढून आपली गाठोडी पुन्हा बांधत राहतात. त्यात दिवसभरच्या कामाने कुरकुरा वॉचमनही सुधारतो, एकाच चलानावर शटर पूर्ण उघडतो. कालचाच डोस आज दीडपट झाल्यासारखा लागतो. तिकडे यकृताकडे रस्त्यावर टाकायला माल उरलेला नसतो, आणि स्नायू आत गेलेलं परत देत नाहीत.

यावर मी स्वतः भर घातली होती. वाटेत वडापाव झाला म्हणून रात्री भात अर्धाच घेतला. दमलो होतो म्हणून साडेआठलाच आडवा झालो. इंजेक्शन नेहमीएवढंच टोचलं. आणि झोपेत शरीराची धोक्याची घंटाही हळू वाजते, जागेपणी ६५ ला जी थरथर जाणवते ती झोपेत जाणवेपर्यंत आकडा आणखी खाली गेलेला असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या तर छातीतली धडधड दाबूनच टाकतात. घाम तेवढा फुटतो. चालणं संपल्यावर सहा ते पंधरा तासांनी शुगर उतरणं हे डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकात आहे. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मीही कधी विचारलं नव्हतं.

बारीक माणसाचं लहान गोदाम

"तुम्ही तर बारीक, तुम्हाला कसा काय डायबेटिस?" हा प्रश्न मी अकरा वर्षं ऐकतोय. त्याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्रात दिलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या आत चरबी जास्त आणि स्नायू कमी.

गोदामाच्या भाषेत सांगायचं तर आपल्या वाट्याला मुळात लहान गोदाम येतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख लोक असल्याचा अंदाज आला. त्यामागे खाणं, बसणं, वय अशी कितीतरी कारणं आहेत, आणि लहान गोदाम हे त्यांतलं एक. चढाने मांड्या आणि नितंब, म्हणजे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, कामाला लागतात. हळूहळू गोदाम वाढतं. मुलांना डोंगराची सवय लहानपणी लागावी असं मला वाटतं त्यात हा स्वार्थही आहे. माझा मधुमेह त्यांच्या वाट्याला यायची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त आहे.

चढ बरा की उतार?

ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी यावर एक गमतीदार प्रयोग केला. बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसांना त्यांनी दोन महिने डोंगर चढायला लावला, आणि खाली केबल कारने आणलं. पुढचे दोन महिने उलट, वर केबल कारने आणि खाली पायी. चढण्याने रक्तातल्या चरबीचा एक प्रकार, ट्रायग्लिसराइड, कमी झाला. ते अपेक्षितच होतं. पण साखर पचवायची ताकद सुधारली ती उतरण्याने. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, दम लागत नाही तरी काम भरपूर होतं.

म्हणून "आता काय, उतारच आहे" म्हणत खाणं थांबवायचं नाही. गुडघ्यांचं मत अर्थात वेगळं असतं. चाळिशीनंतर त्यांना काठी द्यावी आणि गप्प बसवावं.

मुलांची चाल आणि लाल थैली

मुलं मोठ्यांसारखी चालत नाहीत. पंधरा मिनिटं धावतात, मग एका मुंग्यांच्या रांगेपाशी वीस मिनिटं बसतात. मधुमेहाच्या माणसाला हे थांबणं सोयीचं, कारण बोट टोचायला आणि चार घास खायला आपोआप वेळ मिळतो. अडचण येते ती मूल थकल्यावर. अठरा किलोचा मुलगा खांद्यावर बसला की तुमच्या स्नायूंचा खर्च एका क्षणात वाढतो, आणि ते नेमकं दिवसाच्या शेवटी, गोदाम रिकामं होत आलेलं असताना. आता आमचा नियम असा आहे की मुलाला उचलायच्या आधी बाबा दोन घास खातो.

दुसरी अडचण आम्हाला पहिल्याच सहलीत कळली. माझ्यासाठी ठेवलेली ग्लुकोजची पावडर पोरांनी तळहातावर घेऊन चाटून संपवली होती. तेव्हापासून दोन थैल्या. निळीतलं सगळ्यांचं. लाल थैली बाबाची. तिला हात लावायचा नाही, पण ती कुठे आहे हे चौघांनाही माहीत पाहिजे. मुलीला मी सांगून ठेवलंय: "बाबा चिडचिड करायला लागला, किंवा तू विचारलेल्याचं उत्तर भलतंच दिलं, तर वाद घालू नकोस. लाल थैली आण." त्यावर तिचा प्रश्न, "पण तू तर घरीपण चिडचिड करतोस." तिला म्हटलं, घरी पण आण.

लाल थैलीत काय असावं यावर घरोघरी गैरसमज आहेत. साखर उतरली की ती काही मिनिटांत रक्तात पोचवायची असते. चॉकलेट आणि शेंगदाण्याची चिक्की यांत तेल-तूप असतं, त्यामुळे पोट सावकाश रिकामं होतं. शुगर-फ्री पेयाचा तर काहीच उपयोग नाही. सगळ्यात फसवं म्हणजे ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पेल्याभरात जेमतेम तीन ग्रॅम. घामाने गेलेलं पाणी आणि मीठ भरायला ते उत्तम, पण उतरलेली साखर त्याने वर येणार नाही. चिक्की, भाकरी, शेंगदाणे या वस्तू निळ्या थैलीत हव्यात. त्या दर तासाला थोड्या थोड्या खायच्या, साखर उतरूच नये म्हणून.

> चौकट: साखर उतरली तर
>
> शुगर ७० च्या खाली, किंवा मीटर नाही पण घाम, थरथर, गोंधळ: चालणं थांबवा, बसा.
>
> १५ ग्रॅम साखर घ्या. ग्लुकोज पावडर किंवा घरची साखर, तीन चहाचे चमचे, थोड्या पाण्यात.
>
> १५ मिनिटं थांबून पुन्हा मोजा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर.
>
> वर आली की भाकरी, चपाती, केळं असं काहीतरी खा, नाहीतर पुन्हा उतरेल.
>
> माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, घशात अडकतं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

अकलोलीचं गरम पाणी

आपल्या भागात डोंगर म्हटला की शेवट ठरलेला. वज्रेश्वरीच्या देवळाच्या बावन्न पायऱ्या मुलांना मोजायला लावायच्या, वसई घेण्यासाठी चिमाजी अप्पांनी इथे नवस बोलल्याची आणि १७३९ साली वसई जिंकल्याची गोष्ट सांगायची, आणि मग तानसेच्या काठी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं. चालून आंबलेल्या पायांना याहून मोठं सुख नाही, हे मी मान्य करतो. तरी मी आता कुंडात पाय घालत नाही.

वर्षानुवर्षांच्या जास्त साखरेने पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. वीज असते, पण तार झिजलेली. पाणी किती गरम आहे ते पाय सांगत नाहीत. शेजारचा माणूस "हाय हाय" करत पाय बाहेर काढतो आणि मधुमेही आरामात बसून राहतो, घरी गेल्यावर फोड दिसतात. जमिनीतून येणाऱ्या पाण्याला गिझरसारखा आकडा लावलेला नसतो. पाहायचंच असेल तर हाताच्या कोपराने पाहावं, किंवा मुलांना विचारावं, ती खरं सांगतात. दुसरं कारण इन्शुलिनचं. कातडीखाली टोचलेलं इन्शुलिन उष्णतेने भराभर रक्तात शिरतं. चालायच्या आधी मांडीत टोचलं तर चालण्यानेही तेच होतं, म्हणून डोंगराच्या दिवशी टोचायचं असलं तर पोटावर.

बधिर पायाला बुटातला खडाही कळत नाही. त्यामुळे दर थांब्यावर बूट काढून झटकायचे, घरी आल्यावर तळवे उजेडात पाहायचे. स्वतःचे तळवे स्वतःला दिसत नाहीत. ते काम आमच्याकडे धाकट्याने घेतलं आहे. मोबाइलची टॉर्च लावून तो अगदी जासूद असल्याच्या थाटात पाहणी करतो आणि दर वेळी काहीतरी सापडल्याचं जाहीर करतो. एकदा खरंच सापडलं, अंगठ्याखाली एक काटा. मला पत्ताही नव्हता.

इन्शुलिनचं पेन सोबत असेल तर ते उन्हात तापू द्यायचं नाही. तीस अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की त्यातला जोर कमी होतो. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत, वारा लागेल असं ठेवलं की निभतं, माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने. बर्फात मात्र पुरायचं नाही, गोठलेलं इन्शुलिन फेकायच्या लायकीचं.

दोन वाजताचा गजर

ती रात्र झाल्यावर मी दोन्ही दिवसांचे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न: "किती तास चाललात?" डोंगराच्या दिवशी सकाळच्या गोळीचं काय करायचं आणि रात्रीचं इन्शुलिन किती कमी करायचं हे त्यांनी माझ्यापुरतं लिहून दिलं. तो आकडा इथे देत नाही, कारण तो माझ्या गोदामाचा आहे. तुमचा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा, आणि निघायच्या आधी, परत आल्यावर नव्हे.

बाकीचं घरचं. त्या दिवशी रात्री भात पोटभर. झोपताना शुगर शंभरच्या आसपासच रेंगाळत असेल तर पेलाभर दूध आणि अर्धी भाकरी. आणि रात्री दोनचा गजर. दुसऱ्यांदा गुमताऱ्यावर गेलो, या वेळी वरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांपर्यंत पोचलो, आणि त्या रात्री गजर झाला तेव्हा मी उठायच्या आत मुलगी मीटर घेऊन दारात उभी होती. तिने स्वतःच्या खोलीतही गजर लावून ठेवला होता. आकडा आला १०७.

"म्हणजे आता माहुलीला जायचं?" तिने विचारलं.

माहुली म्हणजे ठाणे जिल्ह्यातला एक उंच किल्ला, वर पोचता पोचता लोखंडी शिडी. मी म्हटलं, आधी झोप.